गुंतवणूकदाराचा पैसा कोणाला परवडतो? खान्देशातल्या नव्या उद्योजकांसाठी थोडा हिशोब

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधून धंद्याची कल्पना घेऊन माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींपैकी बहुतेकांना गुंतवणूकदाराची गरजच नसते. कोणाला बँक हवी असते, कोणाला थोडं अनुदान, तर कोणाला नुसता हिशोब नीट लावून देणारा माणूस. मी हे पहिल्याच भेटीत सांगतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला वाटतं, आपली कल्पना नाकारली. खरं तर कल्पना चांगली असते, धंदाही चालण्यासारखा असतो. त्या धंद्याला माझ्यासारख्याचा पैसा मानवणारा नसतो, इतकंच.

मी अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या कंपन्यांमध्ये पैसे घालतो. म्हणजे माल तयार झाला आहे किंवा होत आला आहे, ग्राहक मोजके आहेत, आणि पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही, अशा वेळी. या पैशाबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ते दूर झाले तर अनेकांची दोन-तीन वर्षं वाचतील असं मला मनापासून वाटतं. म्हणून टेबलाच्या माझ्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो ते लिहितो आहे.

कर्ज आणि हिस्सा

शेत खंडाने दिलं की मालकाला ठरलेली रक्कम मिळते; पाऊस पडो न पडो, खंड द्यावा लागतो. बटाईने दिलं तर पिकलं त्यात दोघांचा वाटा, आणि नाही पिकलं तर दोघांचंही बुडालं. बँकेचं कर्ज हा पहिला प्रकार आणि गुंतवणूकदाराचा पैसा हा दुसरा. मी तुमच्या कंपनीचे शेअर घेतो. हप्ता नसतो, व्याज नसतं. कंपनी बंद पडली तर मी तुमच्या वडिलांच्या दारात वसुलीला येत नाही. पण कंपनी मोठी झाली तर त्या मोठेपणात माझा वाटा असतो, आणि तो हिस्सा तुम्हाला सहजासहजी परत घेता येत नाही.

शेअर म्हणजे काय हे खान्देशाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी सुरू झाली. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप बनवणारी, महंमद हाशम प्रेमजी यांची. पुढे तिची विप्रो झाली. १९६६ मध्ये वडील गेले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले. संगणकाचा धंदा त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी आला. अमळनेरमध्ये ज्या घरांनी कंपनीचे शेअर घेतले आणि सांभाळून ठेवले, त्यांच्या हातात बोनस शेअर आणि शेअरच्या विभाजनानंतर (एका शेअरचे अनेक होत गेल्यावर) काय आलं, ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आता ही गोष्ट गुंतवणूकदाराच्या जागेवरून बघा. त्या लोकांना दर महिन्याला काही मिळत नव्हतं. कंपनीकडे जाऊन 'आमचे पैसे परत द्या' असं म्हणायची सोय नव्हती. सगळा परतावा एकाच गोष्टीवर अवलंबून होता, कंपनी किती मोठी होते यावर. आणि तो यायला काही दशकं लागली.

इतकं थांबायची सवड माझ्यासारख्याला नसते. साधारण सात ते दहा वर्षांत पैसा मोकळा व्हावा लागतो. इथून तो हिशोब सुरू होतो, जो उद्योजकाला सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

माझ्या बाजूचं गणित

धरून चाला, तुम्ही ५० लाख मागितले आणि १० टक्के हिस्सा देऊ केला. म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत ५ कोटी धरली, पैसे येण्याआधी साडेचार कोटी. सौदा झाला. कंपनी वाढली, दीड-दोन वर्षांनी आणखी पैसे लागले, नव्या गुंतवणूकदारांना २० टक्के द्यावे लागले. नवे शेअर निघाल्यामुळे जुन्या सगळ्यांचा हिस्सा आक्रसतो. माझे १० टक्के ८ होतात. पुन्हा २० टक्के दिले, ६.४ झाले. आणखी एकदा १५ टक्के दिले की माझ्याकडे ५.४४ टक्के उरतात. आठव्या वर्षी कंपनी १०० कोटींना विकली गेली. माझ्या वाट्याला ५ कोटी ४४ लाख. ५० लाखांचे जवळजवळ अकरा पट. ऐकायला फार छान वाटतं.

पण मी एकट्या तुमच्याच कंपनीत पैसे घातलेले नसतात. अशा १० कंपन्यांत ५० लाखांप्रमाणे ५ कोटी गेलेले असतात. त्यातल्या सहा बंद पडल्या, काही मिळालं नाही. तिघींनी कसंबसं मुद्दल परत दिलं, दीड कोटी. आणि एक तुमची, १०० कोटींना विकली गेलेली. एकूण हातात आले ६ कोटी ९४ लाख. तेच ५ कोटी आठ वर्षं ७ टक्के चक्रवाढीने बँकेत मुदत ठेवीत ठेवले असते, तर साधारण ८ कोटी ६० लाख झाले असते. कर बाजूला ठेवला तरी चित्र हेच.

पुन्हा एकदा वाचा. १०० कोटींना कंपनी विकणारा हिरा सापडूनही मी मुदत ठेवीच्या मागे राहिलो. सहा बंद आणि तीन जेमतेम हे प्रमाण मी उदाहरणासाठी धरलं आहे, पण या टप्प्यावर बहुतेक कंपन्या टिकत नाहीत हे या व्यवसायातला कोणीही मान्य करेल. म्हणूनच गुंतवणूकदार पुन्हा पुन्हा 'हे किती मोठं होऊ शकतं?' असं विचारतो. हाव किंवा फुशारकी म्हणून नाही, गणितच त्याला तिथे ढकलतं. एका यशाने नऊ अपयशं भरून काढायची असतात, म्हणून प्रत्येक कंपनीत किमान शक्यता तरी तेवढी मोठी दिसावी लागते.

आता फैजपूर-रावेरकडच्या एखाद्या ताईंचा केळीच्या वेफर्सचा धंदा घ्या. वर्षाला ४० लाखांची विक्री, खर्च वजा जाता सात-आठ लाख हातात, चार बायकांना बारमाही काम. उत्तम धंदा आहे. पाच वर्षांत तो दोन कोटींवर जाईल, घर उभं राहील, मुलं शिकतील. पण तो दहा वर्षांत २०० कोटींचा होईल असा रस्ता दिसत नाही, आणि त्यांनी तो ओढूनताणून दाखवूही नये. अशा धंद्यात मी शिरलो तर दुसऱ्याच वर्षी 'पुण्या-मुंबईत जाहिरात करा, दहा पट वाढवा' म्हणून मागे लागेन, आणि त्या दडपणाखाली चांगला चाललेला धंदा मोडेल. त्यापेक्षा सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची २०२० पासूनची केंद्राची योजना बघा. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान त्यात आहे. मुद्रा कर्जाची कमाल मर्यादाही २०२४ च्या अर्थसंकल्पात, 'तरुण' गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, १० वरून २० लाख झाली. कर्ज फिटलं की धंदा पुन्हा शंभर टक्के तुमचा. यात कमीपणा काही नाही. सराफ बाजार, डाळ मिल, चटईचे कारखाने, सगळं जळगाव असंच उभं राहिलं आहे.

नफा शे, पन पैसा कथा शे?

आता ज्या धंद्यांना हिश्श्याचा पैसा खरोखर लागतो, त्यांच्याकडे येतो. माल तयार व्हायला वेळ लागतो, आधी खर्च मोठा, पण एकदा जमलं की झपाट्याने पसरू शकतं, असे धंदे. आपल्या भागातला नमुना म्हणून ठिबकवर बसवायचं यंत्र घेऊ. जमिनीतला ओलावा मोजतं, कॉक आपोआप उघडतं-बंद करतं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवतं. शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री. मध्यरात्री उठून केळीत जायचं, साप-विंचू आणि बिबट्याची भीती. गरज खरी आहे, यात वाद नाही.

असं यंत्र घेऊन कोणी आलं की मी आधी एका नगाचा हिशोब मागतो. आकडे पुन्हा उदाहरणाचेच. किंमत ३० हजार. सुटे भाग आणि जुळणी १९ हजार, बसवायला अडीच हजार, डीलरचं कमिशन साडेचार हजार. उरले चार हजार. शंभर यंत्रं विकली, ३० लाखांची विक्री, ४ लाख नफा. सादरीकरणात इथवरच असतं.

शेतात काय होतं? शेतकरी ४० टक्के आगाऊ देतो, बाकी 'माल निघाल्यावर'. म्हणजे हातात १२ लाख आले आणि खर्च मात्र २६ लाखांचा होऊन गेला. १४ लाखांचा खड्डा, तोही नफ्यातल्या धंद्यात. आपल्याकडचे जुने लोक अशा वेळी अहिराणीत बरोबर विचारतात, 'नफा ते शे, पन पैसा कथा शे?' (नफा तर आहे, पण पैसा कुठे आहे?) पैसा गावोगावच्या शेतांत उभा असतो. केळी निघायला साधारण वर्ष लागतं. रास कापली जाते तेव्हा भाव पडलेला असला तर तुमचं देणं सगळ्यात शेवटी. १८ लाखांच्या उधारीतली दहा टक्के बुडाली तर १ लाख ८० हजार गेले, नफा २ लाख २० हजारांवर आला. त्यात उंदराने वायर कुरतडली, वीज पडून सर्किट जळलं, नळीत क्षार साचून आकडे चुकीचे यायला लागले. मोटारसायकलवर मुलगा पाठवा, एक फेरी ६०० रुपये. प्रत्येक यंत्रामागे हंगामात दोन फेऱ्या धरल्या तर १ लाख २० हजार. चार लाखांचा एक लाख राहिला. आणि यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

हा कागद समोर ठेवला की काही जण रागावतात, काही गप्प होतात. मला जे आवडतात ते पेन्सिल मागतात. कारण या हिशोबात बदलता येण्यासारखं खूप काही आहे. फेऱ्या का होतात? वायर जमिनीखालून नेली किंवा पाइपात घातली तर उंदराची फेरी वाचते. उधारी का द्यावी लागते? कारण आपण चुकीच्या माणसाकडे पैसे मागतो आहोत. यंत्र वापरणारा शेतकरी आहे, पण एकसारख्या, डागविरहित घडांची सगळ्यात जास्त गरज परदेशात केळी पाठवणाऱ्या पॅकहाउसवाल्याला असते. तो आपल्या शेतकऱ्यांसाठी शंभर यंत्रं एकरकमी घेऊन पुढे मालाच्या बिलातून कापू शकतो का? शेतकरी उत्पादक कंपनी घेईल का? वापरणारा आणि पैसे देणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. ही गोष्ट ज्याला वेळेत सुचते त्याच्या कंपनीला कमी पैसा लागतो, म्हणजे त्याला हिस्साही कमी सोडावा लागतो.

ग्राहक बघून धंदा वळवणं या मातीत नवीन नाही. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या ७ हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विकायला सुरुवात केली, पुढे शेतीच्या निविष्ठांच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये त्यांनी जळगावातला केळीची भुकटी बनवणारा जुना, बंद पडलेला कारखाना घेतला. त्यांनी तिथे केळीची भुकटी रेटत बसण्याऐवजी पपईच्या चिकापासून पपेन नावाचं पाचक द्रव्य काढायला सुरुवात केली, कारण त्याला परदेशात गिऱ्हाईक होतं. पीव्हीसी पाइप आणि ठिबक त्यानंतरचे. जिल्हा केळीचा, कारखाना केळीचा, तरी त्यांनी गिऱ्हाईक कुठे आहे ते आधी बघितलं.

माल तयार व्हायच्या आधीही गिऱ्हाईक तपासता येतं. यंत्राच्या उदाहरणात, सुरुवातीला यंत्रच नको. तीस शेतकरी घ्या, साधे ओलावामापक लावा, आकडे स्वतः वहीत टिपा आणि रोज संध्याकाळी फोन करून सांगा, 'आण्णा, आज पाणी नका देऊ, उद्या दोन तास द्या.' या सल्ल्यासाठी महिन्याला दोनशे रुपये मागा. तिसांमधले किती जण दुसऱ्या महिन्यात पुन्हा पैसे देतात, हा आकडा मला पन्नास स्लाइडपेक्षा जास्त सांगतो. फुकट वापरणाऱ्याचं कौतुक जमेस धरू नका. आपल्याकडे दारी आलेल्या पोराला कोणी 'वाईट आहे' म्हणत नाही. चहा पाजून 'लई भारी' म्हणतात. मी पैसे घालण्याआधी तुमच्या पाच-सहा ग्राहकांना स्वतः फोन करतो, आणि ज्याने सोडून दिलं त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलतो. त्याचा नंबर तुम्ही स्वतःहून दिलात तर माझा विश्वास तिथेच वाढतो.

मित्र, काका आणि सातबारा

धंदा नीट असूनही सौदा मोडतो तो बहुतेक वेळा हिश्श्यांच्या घोळामुळे. शिरपूरला किंवा जळगावला इंजिनीअरिंग एकत्र केलेले तिघं मित्र, ३३-३३-३३ टक्के, सगळं बरोबरीने. वर्षभरात एकाला पुण्यात नोकरी लागते. त्याचंही चुकत नाही, घरी बहिणीचं लग्न असतं. पण त्याचे ३३ टक्के त्याच्याच नावावर राहतात आणि उरलेले दोघं त्याच्यासाठीही राबतात. पुढचा कोणताही गुंतवणूकदार हे बघून मागे फिरतो.

यावर उपाय पहिल्याच दिवशी करायचा असतो. प्रत्येकाचे शेअर चार वर्षांत हळूहळू 'कमावले' जातील, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काही मिळणार नाही, असा करार करायचा. ३० टक्क्यांचा भागीदार दीड वर्षाने गेला तर ४८ पैकी १८ महिन्यांचे, म्हणजे सव्वाअकरा टक्के त्याचे. बाकी कंपनीत परत. मैत्रीत असं लिहून घेणं कसंतरी वाटतं हे मला समजतं. पण न लिहिल्यामुळे तुटलेल्या मैत्र्या मी जवळून पाहिल्या आहेत, आणि त्या पैशापेक्षा जास्त दुखतात.

काकांचा प्रश्न याहून नाजूक. कोणीच विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा काकांनी ५ लाख दिले आणि कौतुकाने कंपनीत २५ टक्के लिहून घेतले. त्यांचे उपकार खरेच आहेत. पण ५ लाखांत २५ टक्के गेल्यावर आम्हाला १०, पुढच्याला २० देताना काम करणाऱ्यांच्या हातात काय उरेल? बाहेरचा पैसा येण्याआधी काकांशी बसा, आदराने बोला आणि त्यांचा बराचसा हिस्सा कर्जात वळवा. व्याजासकट परत द्या आणि दोन-तीन टक्के आठवण म्हणून राहू द्या. हे संभाषण मी किंवा वकील करू शकत नाही, पुतण्यानेच करायचं असतं. आणि काकूंना आधी सांगितलं तर बरं.

एकत्र कुटुंबात आणखी एक गुंता असतो. शेड वडिलांच्या सातबाऱ्यावर, यंत्राचं कर्ज थोरल्या भावाच्या नावावर, वेबसाइटचं नाव मावसभावाच्या ईमेलवर, ट्रेडमार्क कोणाच्याच नाही. घर म्हणून हे सगळं एकच आहे, पण कायद्याला कंपनी हा वेगळा माणूस दिसतो. शेडचा भाडेकरार करा, बाकी जे कंपनीचं ते कंपनीच्या नावावर आणा. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालत असेल तर ते आजच वेगळं करा, गुंतवणूकदार येवो न येवो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एकल मालकीत शेअर नसतात, एलएलपीतही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीतही) नसतात. हिश्श्याचा पैसा घ्यायचा तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. केंद्राची स्टार्टअप मान्यता घेऊन ठेवा. सुरुवातीला किंमत ठरवणं अवघड असेल तर मान्यताप्राप्त स्टार्टअपला परिवर्तनीय नोट वापरता येते; पैसे आज, शेअर पुढच्या फेरीच्या, म्हणजे पुढच्या वेळी गुंतवणूक येईल तेव्हाच्या, भावाने थोड्या सवलतीत. त्यात एका गुंतवणूकदाराकडून एका वेळी किमान २५ लाख यावे लागतात. स्टार्टअपला मिळालेल्या गुंतवणुकीवरचा, ज्याला लोक एंजल टॅक्स म्हणत, तो कर २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, ही मोठी कटकट मिटली. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात इन्क्युबेशन केंद्र आहे. या बाबतीतले प्राथमिक प्रश्न तिथे विचारून घ्या.

५१ टक्के मागणारे

ही गोष्ट मी जरा जोर देऊन सांगणार आहे. आपल्या भागात पैसेवाले लोक कमी नाहीत. जमीन, जिनिंग, बांधकाम, सोनं यात कमावलेला पैसा आता नव्या कंपन्यांकडे वळतो आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्यातले काही २० लाख देऊन ५१ टक्के मागतात. त्यांच्या जुन्या धंद्यात तशीच रीत आहे: ज्याचा पैसा त्याची मालकी. स्टार्टअपमध्ये हे विष आहे. ज्याला पुढची आठ वर्षं रात्रंदिवस झिजायचं आहे, तो पहिल्याच दिवशी स्वतःच्या कंपनीत नोकर होतो. पुढचा गुंतवणूकदार येत नाही, कारण चालवणाऱ्याच्या हाती सूत्रंच नाहीत. म्हणजे त्या ५१ टक्क्यांची किंमतही शून्याकडे जाते आणि देणारा व घेणारा दोघंही बुडतात. पहिल्या फेरीत एकूण १० ते २० टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नका. तेवढ्यात भागत नसेल तर मागताय ती रक्कम कमी करा.

काही जण हिस्सा घेतात आणि वर 'तीन वर्षांत दुप्पट परत द्यायचे, नाही तर घर तारण' असं लिहून घेतात. किंवा महिन्याला दोन टक्के मागतात. हा हिश्श्याचा पैसा नव्हेच. हे महागडं कर्ज, हिश्श्याचं नाव लावलेलं. वैयक्तिक हमीवर हिश्श्याचा पैसा कधीही घेऊ नका.

करारात एक कलम नीट समजून घ्या. कंपनी विकली गेली किंवा बंद झाली तर आधी गुंतवणूकदाराचं मुद्दल, मग बाकीच्यांचं. इथवर रास्त आहे. पण मुद्दलाच्या दुप्पट-तिप्पट आधी, आणि उरलेल्यातही पुन्हा वाटा, असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. अशा कलमामुळे कंपनी २० कोटींना विकली जाऊनही स्थापकाच्या हाती काहीच येत नाही असं घडू शकतं. हे वाचायला दहा हजार रुपये घेणारा वकील मिळत असेल तर ते दहा हजार द्या.

आणि गुंतवणूकदाराचं 'बघू' ओळखायला शिका. आपल्याकडे तोंडावर कोणी 'नाही' म्हणत नाही. 'छान आहे, जरा थांबा, दिवाळीनंतर बोलू' म्हणजे बहुधा नाहीच. नम्रपणे तारीख मागा: 'दादा, पंधरा तारखेपर्यंत कळवाल का? नसेल जमत तरी चालेल.' उत्तर नाही आलं तर पुढच्याकडे जा. त्या वाट पाहण्यात तुमची बँकेतली शिल्लक संपत असते.

पैसा आल्यानंतर

५० लाख आले आणि महिन्याचा खर्च अडीच लाख असेल तर २० महिने मिळाले. बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीला त्यात वीस प्रयोग करता येतील. शेतीशी जोडलेल्या खान्देशातल्या कंपनीला जेमतेम दीड हंगाम मिळतो. आपलं पैशाचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलटतं; सालदार ठरतात, खरिपाची बी-बियाण्यांची तयारी सुरू होते, शेतकरी खर्चाचं मन करतो. कापूस घरात येऊन पैसा हातात पडतो तो दसरा-दिवाळीनंतर. म्हणून विक्रीची सगळी तयारी आखाजीच्या आधी हवी, वसुलीची माणसं दिवाळीनंतर मोकळी हवीत. पैसे ऑगस्टमध्ये आले तर पुढच्या आखाजीपर्यंत पाच माणसं पगारावर बसवून ठेवू नका. आणि पुढच्या फेरीसाठी बोलणी शिल्लक सहा-आठ महिन्यांची असतानाच सुरू करा, कारण आटत आलेल्या खात्याला वाईट अटी मिळतात.

पैसे घेतल्यानंतर माझी तुमच्याकडून एकच ठाम अपेक्षा असते, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत एक पानाचं पत्र. मराठीत लिहा, व्हॉट्सॲपवर पाठवा, मला चालतं. सगळ्यात वर बँकेतली शिल्लक आणि ती किती महिने पुरेल. मग या महिन्यात पैसे देणारे किती ग्राहक आले, किती गेले, गेले ते का. त्यानंतर जे बिघडलं ते, आडपडदा न ठेवता. डीलर फुटला, यंत्रं परत आली, भागीदाराशी वाजलं, काहीही असो. यातली बरीच संकटं मी दुसऱ्या कंपनीत आधी पाहिलेली असतात, आणि पहिल्या आठवड्यात कळली तर मदत करता येते. सहाव्या महिन्यात कळली तर फक्त ऐकता येतं.

पत्राच्या शेवटी थकबाकीची यादी जोडा, नाव, गाव, रक्कम आणि माल कधी निघणार त्या महिन्यासह. सावदा, चोपडा, शहादा, या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत माझ्या ओळखी आहेत, आणि चार ठिकाणी मी स्वतः फोन करू शकतो.